रात्री डोंगरात कोण जातं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी दाराच्या मागे एक खुंटी आहे. पूर्वी तिच्यावर माझ्या मेहुण्यांची कामावर न्यायची पिशवी असायची. मेहुणे गेले, आता तिथे भाच्याची सॅक असते. ही सॅक कायम भरलेली. हेल्मेट, कपाळाला बांधायची विजेरी, हातमोजे, कमरेचा हार्नेस, शिट्टी, पाण्याच्या दोन बाटल्या, कानटोपी आणि गूळ-शेंगदाण्याची पुडी. बाकीच्या वस्तू महिनोन्‌महिने त्याच असतात. पुडी तेवढी बहीण दर शुक्रवारी बदलते. चिडून बदलते, पण बदलते.

भाचा टायर-पंक्चरचं दुकान चालवतो. आमचं गाव घाटाखालचं, त्यामुळे दुकान बरं चालतं. पण रात्री एक ठरावीक फोन आला की तो शटर ओढतो, सॅक उचलतो आणि निघतो. त्याच्यासारखे आणखी पंचवीस-तीस जण गावात आहेत. एक शाळामास्तर आहेत, एक वायरमन आहे, दोन रिक्षावाले, पतपेढीत काम करणारी एक मुलगी आणि कॉलेजची काही पोरं. डोंगरात कुणी हरवलं, अडकलं, पडलं, तर त्याला शोधून खाली आणायचं, हे त्यांचं काम. पगार नाही, भत्ता नाही. जीपचं डिझेलसुद्धा आपसात वर्गणी काढून.

तीन वर्षांपूर्वी बहिणीनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. म्हणाली, "भाईजान, तुम्ही त्याला सांगा. तुमचं ऐकेल तो. मला एकच आहे." मी शब्द दिला. कवी माणूस, शब्द द्यायला आम्हाला वेळ लागत नाही. पण एखाद्याला एखाद्या गोष्टीपासून सोडवायचं तर ती गोष्ट आहे तरी काय, हे आधी बघायला हवं. म्हणून मी दोन हिवाळे या पोरांच्या मागे मागे हिंडलो. पायथ्यापर्यंतच हं, त्याच्यापुढे माझे गुडघे येत नाहीत. जे पाहिलं, जे विचारून घेतलं, ते आज तुम्हाला सांगतो.

माझी समजूत अशी होती की डोंगरातले अपघात पावसाळ्यातले. धबधबे, शेवाळ, पूर, दरडी. ते तर आहेतच. पण मास्तर म्हणाले, "पावसाळ्यात माणूस निदान घाबरलेला असतो. थंडीत तो निर्धास्त येतो." नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सह्याद्रीतलं आकाश निरभ्र, हवा मोकळी. शहरातून बसच्या बस भरून येतात. नव्या वर्षाची रात्र गडावर, पौर्णिमेची रात्र गडावर. सांधण दरीसारख्या जागी तर जायचे दिवसच हे. आणि नेमक्या याच दिवसांत सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. शहरात दिवे असतात म्हणून ते आपल्या ध्यानात येत नाही. दरीत डोंगराची सावली त्याच्याही आधी उतरते. साडेपाचला जिथे पायवाट दिसत होती तिथे साडेसहाला काही म्हणजे काही दिसत नाही.

दुसरी गोष्ट गवताची. पावसात कमरेएवढं वाढलेलं गवत थंडीत पिवळं पडून आडवं होतं. उतारावर त्याच्यावर पाय ठेवला की तेल सांडलेल्या फरशीसारखा सरकतो. त्याच्याखाली मुरूम असतो, सुटी खडी असते. याला डोंगरातली मंडळी घसारा म्हणतात. ओल्या दगडावर माणूस जपून पाय टाकतो, घसाऱ्यावर टाकत नाही, कारण तो धोक्याचा दिसत नाही. शिवाय गडावरची टाकी आटू लागलेली असतात आणि ज्या टाक्याच्या भरवशावर लोक एकच बाटली घेऊन आलेले असतात, त्यात हिरवा गाळ निघतो. हवा गार असल्यामुळे तहान लागत नाही, आणि अंगातलं पाणी कमी होत चाललंय हे कळत नाही. मग गोळे येतात, चक्कर येते.

आणि माशा. कड्यांना लटकलेली आग्या मोहोळं तुम्ही पाहिली असतील. कुणी खाली शेकोटी पेटवतं, कुणाला सिगारेट ओढायची असते, कुणी अत्तर लावून आलेलं असतं. (हा शेवटचा आरोप माझ्याकडे बघून करण्यात आला, म्हणून नोंदवतो.) एकदा मोहोळ उठलं की माणसं जीव घेऊन पळतात आणि कड्याच्या कडेला पळतात. अशा वेळी पथकाला सुद्धा लगेच वर जाता येत नाही. अंधार पडून माशा शांत होण्याची वाट बघावी लागते. त्यातही मेख अशी की ही माशी चांदण्या रात्री उडते. म्हणजे लोक ज्या पौर्णिमेसाठी आलेले असतात, ती पौर्णिमासुद्धा पथकाच्या बाजूची नसते.

आता फोन कसा येतो ते सांगतो. बहुधा संध्याकाळी साडेसहा-सातनंतर. कधी ११२ वरून पोलिसांकडे जातो आणि पोलीस पथकाला कळवतात. कधी गावच्या पोलीस पाटलाकडून येतो. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांनी मिळून एक बचाव समन्वय केंद्रही चालवलेलं आहे. तिथे कळवलं की ते त्या डोंगराला सर्वांत जवळ कोण, हे बघून निरोप देतात. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, महाबळेश्वरचे ट्रेकर्स, अशी नावं तुम्ही वर्तमानपत्रात वाचली असतील. या सगळ्यांत नोकरी म्हणून हे काम करणारं कुणी नाही. २०१८च्या जुलैत आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली, तेव्हा शेकडो फूट खोल उतरून मृतदेह वर आणायला महाबळेश्वर आणि पोलादपूरच्या बाजूची अशीच माणसं दोराला लटकली होती. २०२३च्या जुलैत इरसालवाडीवर दरड आली तेव्हा अंधारात आणि पावसात तो चढ चढून गेलेल्यांतही स्थानिक गिर्यारोहक होते.

पण मी सांगत होतो थंडीतला फोन. एका डिसेंबरात मी मास्तरांच्या शेजारी जीपमध्ये बसलो होतो आणि त्यांचं बोलणं ऐकत होतो. पलीकडे कॉलेजची चार मुलं, गडावरून उतरताना वाट चुकलेली. मी अपेक्षा करत होतो की मास्तर आधी धीर देतील. त्यांनी आधी विचारलं, "बॅटरी किती राहिलीय?" नऊ टक्के. "बाकीच्यांच्या मोबाइलमध्ये?" दोघांचे बंद, एकाची वीस. "मग हा फोन आता बंद करायचा आणि वीसवाल्यावरून मेसेज करायचा. बोलायचं नाही. लोकेशन पाठवा. फोटो काढू नका, टॉर्च म्हणून मोबाइल वापरू नका." मग पुढचा प्रश्न : "पायाखाली काय आहे, गवत की दगड?" गवत, म्हणाले. "उभं राहू नका. जिथे आहात तिथे टेकून बसा. डोंगराकडे पाठ करून, एकमेकांना चिकटून. आम्ही येईपर्यंत एक पाऊलही हलायचं नाही."

हे न हलणं फार महत्त्वाचं आहे, त्याचं कारण सांगतो. हरवलेला माणूस बसत नाही. त्याला वाटतं, चालत राहिलं म्हणजे काहीतरी करतोय. आणि चालतो कुठे, तर उताराला. त्यातही ओढ्याच्या कडेनं, कारण ओढा शेवटी गावाला जातो हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. ते खोटं नाही. पण सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर आहे. पायऱ्या-पायऱ्यांचा. ओढा एका पायरीवर सपाट वाहतो आणि मग एकदम दुसऱ्या पायरीवर उडी घेतो. पावसाळ्यात त्या उडीला आपण धबधबा म्हणतो, त्याचे फोटो काढतो. थंडीत तिथे पाणी नसतं. नुसता कोरडा कडा असतो. ओढ्याच्या कोरड्या पात्रातून उतरणारा माणूस दहा-पंधरा फुटांचा एखादा टप्पा कसाबसा सरकून उतरतो, पुढे बघतो तर शंभर-दोनशे फुटांचा कडा. आता खाली जाता येत नाही, आणि जो टप्पा सरकून आला तो परत चढता येत नाही. पथकाला सापडणारी बरीच माणसं अशाच दोन पायऱ्यांच्या मधे सापडतात. पाणी उडी मारू शकतं, माणूस नाही, असं वायरमन म्हणतो. मी त्याला म्हटलं, ही ओळ मला दे. तो म्हणाला, घ्या.

त्या रात्री मुलांनी पाठवलेलं लोकेशन दरीच्या दुसऱ्याच अंगाला दाखवत होतं. दरीत असं होतं, कड्यांमुळे उपग्रहाचा इशारा नीट पोचत नाही. मास्तरांनी मेसेज करून विचारलं : सूर्य मावळताना तोंडावर होता की पाठीवर? दिवे दिसतात का, कुठल्या बाजूला? शिट्टी आहे का? शिट्टी नव्हती. डबा आहे? स्टीलचा डबा होता. "दगडानं डबा वाजवा. एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट गप्प. पुन्हा सहा." संकटात असल्याची ही जुनी खूण आहे. आल्प्स पर्वतात ठरली आणि जगभर चालते. मिनिटाला सहा शिट्ट्या किंवा विजेरीचे सहा झोत. ऐकणाऱ्यानं मिनिटाला तीन अशी ओ द्यायची. सहाच का, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, डोंगरात सहज म्हणून कुणी इतक्या हिशेबानं काही वाजवत नाही.

मग पथकाच्या दोन तुकड्या दोन सोंडांवर गेल्या आणि उभ्या राहिल्या. शोधकाम म्हणजे ओरडत फिरणं असं मला वाटायचं. निम्मा शोध म्हणजे गप्प उभं राहणं. ठरलेल्या मिनिटाला सगळे थांबतात, कुणी खोकायचं नाही, पाय वाजवायचा नाही. दरीत आवाज घुमतो, तो समोरच्या कड्यावरून परत येतो आणि फसवतो. म्हणून दोन ठिकाणी ऐकायचं आणि वॉकीटॉकीवरून ताडून बघायचं. मी खाली जीपपाशी होतो. मला कुत्री ऐकू येत होती, रातकिडे ऐकू येत होते. डबा काही ऐकू आला नाही. वरच्या तुकडीला आला. रात्री दोनच्या सुमाराला मुलं सापडली आणि उजाडताना खाली आली. चौघांपैकी एकाचं बूट घातलेलं पाऊल सुजलं होतं, बाकी सुखरूप. डबेवाल्या मुलाचा डबा चेपून पापडासारखा झाला होता. तो त्यानं आईला दाखवायला म्हणून जपून सॅकमध्ये घातला.

वर पोचल्यावर काय करतात? आधी तीन-चार जण हलकं सामान घेऊन पुढे निघतात. प्रथमोपचार, पाणी, चादरी, विजेऱ्या. हे काही खाली आणत नाहीत. ते फक्त पोचतात. माणूस दिसला, त्याच्याजवळ कुणीतरी बसलं, की अर्धी लढाई संपली. मागून दोरवाले. कड्यावरून उतरायचं तर दोर कुठेतरी बांधायला हवा आणि आपला काळा पाषाण बाहेरून दिसतो तेवढा एकजीव नसतो. तडे असतात, पापुद्रे सुटलेले असतात. म्हणून एका आधारावर कधीही भार टाकायचा नाही, हा पहिला नियम. निदान दोन वेगळे आधार, आणि एक निखळला तर दुसऱ्यावर झटका बसू नये अशी बांधणी. दोरही दोन. एकावर माणूस लटकतो, दुसरा नुसता सोबत असतो, पहिल्याला काही झालं तर सावरायला. भाच्याला मी विचारलं, भीती कशाची वाटते? मला वाटलं तो उंची म्हणेल. तो म्हणाला, "वरच्या दगडाची, मामू. वर उभं राहून वाकून बघणाऱ्या माणसाची." मुठीएवढा दगड दोनशे फुटांवरून आला तर हेल्मेटही फुटतं. बघे लोक कडेला येतात, मोबाइलवर चित्रण करतात, त्यांच्या पायानं दगड सुटतात.

दोर जुना झाला की दिसायला चांगला असला तरी टाकून द्यावा लागतो. उन्हानं, मातीच्या बारीक कणांनी आतून झिजतो. न वापरता पडून राहिला तरी बनवणारे साधारण दहा वर्षांच्या पुढे वापरू नका म्हणतात. पथकाच्या जमाखर्चाची वही मी बघितली. सगळ्यात मोठा खर्च दोरांचा, आणि टाकलेल्या दोरांचे तुकडे गावातल्या निम्म्या गोठ्यांत गुरं बांधायला गेलेले.

ज्याला चालता येत नाही त्याला स्ट्रेचरवर आणायचं. सहा ते आठ माणसं एका वेळी उचलतात, दहा-पंधरा मिनिटांनी खांदे बदलतात. जी वाट धडधाकट माणूस तासाभरात उतरतो, तिला स्ट्रेचरसकट चार-पाच तास सहज लागतात. म्हणून तीसही माणसं कमी पडतात. अशा वेळी पायथ्याच्या वाड्यांतले ठाकर, कातकरी, महादेव कोळी येतात. खरं तर हे त्यांचं जुनंच काम. अजूनही रस्ता नसलेल्या वाडीतून बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस बांबूला घोंगडी बांधून, झोळीत घालून खाली आणतात. त्याची बातमी होत नाही. नकाशात नसलेली वाट त्यांना पाठ असते. पथकातले सगळे एका म्हाताऱ्या ठाकरबाबांना गुरू मानतात. ते हातात विजेरी घेत नाहीत. म्हणतात, उजेडात फक्त उजेडापुरतंच दिसतं.

आता थंडीबद्दल. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? थंडीनं माणूस गारठून दगावायला बर्फ लागत नाही. साधारण हजार मीटर वर गेलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी गार होते. कळसूबाई १६४६ मीटर. वर वारा. त्यात चढताना घामानं भिजलेला शर्ट. ओला कपडा आणि वारा मिळून अंगातली ऊब अशी ओढून नेतात की दहा-बारा अंशांतही माणूस कुडकुडू लागतो. शरीराच्या आतलं तापमान एरवी ३७ अंशांच्या आसपास असतं. ते ३५च्या खाली गेलं की धोका सुरू. आधी कुडकुड, मग बोटं ऐकत नाहीत, जीभ जड होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, सोबत्यांना वाटतं थट्टा करतोय किंवा पिऊन आलाय. आणि पुढे कुडकुड थांबते. बघणारा म्हणतो, चला, बरं वाटतंय याला. वास्तविक ती सगळ्यात वाईट खूण. कुडकुडायलाही अंगात ताकद उरलेली नाही, असा तिचा अर्थ.

अशा माणसाचे हातपाय चोळायचे नाहीत, त्याला शेकोटीला चिकटवायचं नाही. ओले कपडे काढायचे, कोरडे घालायचे, डोकं झाकायचं आणि मुख्य म्हणजे त्याच्याखाली काहीतरी अंथरायचं, कारण ऊब वरून जाते त्याहून अधिक खालच्या दगडात जाते. शुद्धीवर असेल तर गोड, कोमट पाणी. दारू मुळीच नाही. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, आत राखलेली ऊब बाहेर येते, माणसाला क्षणभर गरम वाटतं आणि तो आणखी गार होतो.

यावरून एक गंमत आठवली. आल्प्समध्ये ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे, सुमारे २४६९ मीटर उंचीवर. तिथे मठवासी साधूंनी शेकडो वर्षं वाटसरूंसाठी धर्मशाळा चालवली. बर्फात हरवलेल्यांना शोधायला त्यांनी जे कुत्रे पाळले, तेच सेंट बर्नार्ड. त्यांच्यातला बॅरी हा सर्वांत नावाजलेला. १८०० ते १८१४ हा त्याचा काळ, आणि चाळीसहून अधिक माणसं वाचवल्याचं श्रेय त्याला देतात. आज तो बर्नच्या संग्रहालयात पेंढा भरून उभा आहे. चित्रांत या कुत्र्यांच्या गळ्यात ब्रँडीचा छोटा पिंप दिसतो. तो पिंप साधूंनी कधी बांधलाच नव्हता. एका इंग्रज चित्रकाराच्या चित्रातून तो लोकांच्या डोक्यात शिरला, आणि तेव्हापासून थंडीवर ब्रँडी हा समज काही उतरत नाही. आम्ही कलावंत लोक कधी कुणाचा जीव धोक्यात घालू, सांगता येत नाही.

बर्फाच्या मुलखातलं एक गणित मात्र आपल्याही उपयोगाचं आहे. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर वाचणारे फार थोडे. आणि कुठलंही पथक, कितीही तयारीचं असलं तरी, दहा मिनिटांत डोंगरात पोचत नाही. म्हणजे तिथे खरा बचाव पथक सोबतच्या माणसांचा. म्हणून तिकडे प्रत्येकाच्या अंगावर इशारा देणारं यंत्र असतं, सॅकमध्ये फावडं आणि लांब सळई असते. आपल्याकडे बर्फ नाही, पण जखमेतून वाहणारं रक्त आहे. ते दाबून धरणारा सोबतीच हवा. पथक येईल ते तीन तासांनी.

स्वयंसेवकांचं हे काम आपल्याकडेच आहे असं नाही. इंग्लंड-स्कॉटलंडात डोंगरातला बचाव आजही मुख्यतः स्वयंसेवकच करतात आणि वाचलेल्याकडून पैसे घेत नाहीत. त्याची सुरुवात एका पायापासून झाली. १९२८ साली लॅडो रॉक्स नावाच्या कड्यावर एक गिर्यारोहक पडला. धड स्ट्रेचर नव्हतं, वेदना कमी करायला औषध नव्हतं, तासन्‌तास त्याला हाल करत खाली आणलं. शेवटी पाय कापावा लागला. त्याच्यावर उपचार करणारे मँचेस्टरचे शल्यविशारद विल्सन हे म्हणाले की पाय अपघातानं नाही, त्या प्रवासानं गेला. त्यांनी चांगलं स्ट्रेचर बनवण्यासाठी मंडळी जमवली, आणि डोंगराच्या पायथ्याच्या ठाण्यांवर मॉर्फिन ठेवायला सुरुवात केली. ते कायद्यात बसत नव्हतं. वर्षानुवर्षं त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर दिलं. १९४९ साली खटला झाला, त्यांना दहा पौंड दंड झाला. आणि त्या दंडामुळे प्रश्न चव्हाट्यावर आला आणि बचाव ठाण्यांना मॉर्फिन ठेवायची रीतसर परवानगी मिळाली. पुढे स्कॉटलंडात ग्लेन्को गावात हॅमिश मॅकिनिस यांनी १९६१ साली पथक उभं केलं, घडी होणारं हलकं स्ट्रेचर बनवलं. ते २०२० साली गेले. त्यांचं स्ट्रेचर अजून कुणाकुणाला खाली आणतंय.

दंडाची गोष्ट मी पोरांना सांगितली तेव्हा ती हसली. त्यांच्या अडचणी दुसऱ्या आहेत. पथकातला कुणी स्वतः पडला तर? विमा आहे का? काहींचा आहे, काहींचा हप्ता चुकलेला. राज्य सरकारनं २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांना नोंदणी, प्रशिक्षित वाटाडे वगैरे अटी घातल्या. कागदावर ते ठीक आहे. पण साठ लोकांना दोन कोवळ्या पोरांच्या भरवशावर रात्री वर नेणारा एक आयोजक मी स्वतः पाहिला. लोक अडकल्यावर तो फोन उचलत नव्हता. ते साठ जण सुखरूप खाली आले, पोरांशी कुणी दोन शब्द बोललं नाही, बस सुटली. मला राग आला. भाचा म्हणाला, "थकलेत मामू, झोपतील आता."

आता मला ती रात्र सांगायला हवी. गेल्याच्या गेल्या जानेवारीतली. एक तरुण कड्यावरून पडला होता. संध्याकाळी निरोप आला, तेव्हा सोबत्यांना वाटत होतं की तो हाक देतोय. पोरं धावत गेली. ती हाक नव्हती, दरीतून घुमून आलेला सोबत्यांचाच आवाज होता. रात्री तीनला भाचा दोरावरून त्याच्यापर्यंत पोचला. त्यानंतर वर आणायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली, कारण मेलेल्या माणसासाठी जिवंत माणसाचा जीव घाईनं धोक्यात घालायचा नाही, हाही नियम आहे. तोपर्यंत भाचा त्याच्याजवळ त्या कपारीत बसून होता. हा काही नियम नव्हता. मी विचारलं, का थांबलास? दोर लावून वर यायचंस. तो म्हणाला, "एकटा कसा ठेवायचा?"

खाली त्या मुलाचे वडील आले होते. मी त्यांच्या शेजारी बसून होतो, बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "सापडलाय ना नक्की?" दोन-तीनदा विचारलं. आमच्याकडे मय्यत लवकरात लवकर मातीला द्यावी म्हणतात. त्यांना अग्नी द्यायचा होता. पण त्याआधी तोंड बघायचं असतं, हे दोन्हीकडे सारखंच. त्यांना ते बघायला मिळालं.

भाचा घरी आला तो दोन दिवस जेवला नाही. दोर धुऊन अंगणात सावलीत वाळत घातला, तो बघत बसला. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. शब्द पाळायची हीच वेळ होती, हे मला कळत होतं. मी तोंड उघडलं आणि त्याला विचारलं, "चहा घेणार?" बहीण उठून आत गेली. ती माझ्याशी आठवडाभर नीट बोलली नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिचा हिशेब सरळ आहे. दुसऱ्याचं पोर आणायला आपलं पोर जातं, आणि दर वेळी दोन्ही परत येतीलच असं कुणी लिहून दिलेलं नाही. मला तिच्यासाठी उत्तर सापडलं नाही. अजून सापडलेलं नाही.

या भाषणासाठी निघताना तिला सांगून आलो की तुझ्या पोराच्या कामाबद्दल बोलणार आहे. मला वाटलं ती म्हणेल, नका बोलू. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मग एवढं सांगा, भाईजान, की डोंगरात जाताना खालच्या गावात कुणाला तरी सांगून जात जा म्हणावं. किती जण आहात, कुठल्या वाटेनं उतरणार, कधी परत येणार. म्हणजे या पोरांना रात्रभर चहूकडे शोधत बसावं लागणार नाही." आणि शिट्टी न्या म्हणावं, असं ती दारापर्यंत येऊन म्हणाली. दहा-वीस रुपयांना मिळते.